नागचंपात नागचाफा असतो का? पंढरपुरातल्या एका उदबत्तीवाल्याचे उत्तर

ताई, तुमचे प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचे वडील १९८०च्या सुमारास नोकरीनिमित्त बंगळुरूला जात आणि येताना निळ्या-पांढऱ्या पुड्यातली नागचंपा आणत. ते गेल्यानंतर कपाटात एक जुना पुडा सापडला, त्यात तीन काड्या उरल्या आहेत. तो वास आज कुठे मिळेल म्हणून तुम्ही पाच-सहा दुकानांतून नागचंपा नावाच्या उदबत्त्या आणल्या, प्रत्येकीचा वास वेगळा. तुम्ही विचारता की नागचंपात नागचाफा असतो का, एकाच नावाचे इतके वास कसे, चांगली उदबत्ती ओळखायची कशी, आणि घरात आईंना दमा असताना उदबत्ती लावावी का. शेवटी त्या तीन काड्यांचे काय करावे, हेही तुम्ही विचारले आहे.

आमच्या घरात हा धंदा तिसऱ्या पिढीत आहे. आजोबा बुक्का करत. वडिलांनी बंगळुरूच्या एका कारखान्यात दोन वर्षे पाटावर बसून उदबत्ती शिकली आणि घरी आल्यावर बुक्क्याच्या जोडीला ती सुरू केली. मी चौतीस वर्षे यात आहे. त्यामुळे जे लिहितो ते हाताने केलेले आहे.

फुलापासून सुरुवात करू. मराठीत चाफा म्हटले की एकच झाड डोळ्यासमोर येत नाही. सोनचाफा वेगळा, वसईहून पहाटे मुंबईच्या फूलबाजारात येतो तो. देवळाच्या आवारात पानगळ झालेल्या फांद्यांवर पांढरी फुले धरतो तो देवचाफा, कुणी त्याला खुरचाफा म्हणतात, आणि तो मुळात अमेरिका खंडातला आहे. हिरवा चाफा वेलीवर असतो आणि दिसण्याआधी वासाने सापडतो. कवठी चाफा आणखी निराळा. नागचाफा म्हणजे नागकेशराचे झाड: पांढऱ्या चार पाकळ्या, मध्ये पिवळ्या केसरांचा झुबका, आणि लाकूड इतके कठीण की कुऱ्हाडीची धार जाते. कैलासपतीच्या फुलालाही काही लोक नागचंपा म्हणतात, कारण त्याच्या केसरांचा आकार पिंडीवर फणा धरलेल्या नागासारखा दिसतो.

यांतले कोणते फूल नागचंपा उदबत्तीत असते? बहुतेक वेळा प्रत्यक्ष फूल कोणतेच नसते. ऐकून वाईट वाटू देऊ नका, यात फसवणूक नाही. आमच्या धंद्यात 'चंपा' हे एका घडणीचे नाव आहे, जशी पुरणपोळी म्हणजे फक्त पुरण नव्हे. चंपा बत्ती म्हणजे हलमड्डीचा चीक, मध, चंदन आणि त्यावर सोनचाफ्याच्या वळणाचा गोड, जरा जडसर वास. हा वास खऱ्या सोनचाफ्याच्या अर्कापासून करता येतो, पण तो अर्क इतका महाग असतो की रोजच्या काडीत तो नावापुरताच परवडतो. बाकीचे काम अनेक द्रव्ये एकत्र करून केलेल्या मिश्रणाचे. आम्ही त्याला कंपाउंड म्हणतो.

तुमच्या वडिलांच्या निळ्या पुड्याचे घराणे मला माहीत आहे, कारण आमच्या पिढीतल्या प्रत्येक उदबत्तीवाल्याने ती काडी हातात घेऊन उलगडायचा प्रयत्न केलेला आहे. श्रीनिवास सुगंधालय ही ती पेढी, के. एन. सत्यम सेट्टी यांनी १९६४ मध्ये सुरू केलेली. घरात हाताने वळलेल्या काड्यांपासून निघालेली ही बत्ती पुढे जगभर गेली, आणि आज परदेशात पुष्कळ लोकांना भारतीय उदबत्ती म्हणजे हाच एक वास माहीत असतो. पुढच्या पिढीत कारभार बंगळुरू आणि मुंबई असा दोन ठिकाणी वेगळा झाला. त्यामुळे पुडा घेताना मागचा पत्ता वाचायची सवय लावा. एकाच कुळातून आलेल्या दोन बत्त्या आहेत हे कळले की वासातला फरक बुचकळ्यात टाकत नाही. शिवाय नागचंपा हा शब्द आता सगळ्यांचाच झाला आहे. निळा पुडा छापणारे आणि नाव थोडे फिरवून विकणारेही पुष्कळ आहेत.

घर वाटले गेले की वास का बदलतो, हे मी आमच्याच कुटुंबात पाहिले आहे. वडील आणि काका वेगळे झाले तेव्हा पाककृतीची वही दोघांनी उतरवून घेतली. तेच तोळे, तेच मासे. सहा महिन्यांत दोन दुकानांची बत्ती वेगळी लागायला लागली. काकांनी जिगट, म्हणजे मसाला धरून ठेवणारी सालीची पूड, दुसऱ्या व्यापाऱ्याकडून घेतली होती, त्यांच्या घराला दक्षिणेचा वारा लागत होता म्हणून काड्या लवकर वाळत होत्या, आणि मसाला मळणारी बाई आमच्याकडे राहिली होती. त्या बाईंना मळताना लगदा किती घट्ट झाला हे तळहातावर कळायचे. ते वहीत कसे लिहिणार? कुटुंबाच्या उदबत्तीचा वास कागदावर निम्माच असतो. उरलेला माल निवडणाऱ्याच्या नाकात, मळणाऱ्याच्या हातात आणि वाळवायला दिलेल्या दिवसांत असतो.

आता हलमड्डी. तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर इथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात, कर्नाटक-केरळात, एक उंच झाड असते. आपल्याकडच्या महारुखाच्या कुळातले. त्याचा चीक म्हणजे हलमड्डी, मल्याळममध्ये तिला मट्टीपाल म्हणतात. खोडाला खाच मारली की मधासारखा चिकट चीक गळतो, हवा लागली की तो घट्ट आणि मळकट होतो. याचा एक गुण विलक्षण आहे: तो हवेतले पाणी ओढून घेतो. त्यामुळे हलमड्डीची काडी कितीही दिवस ठेवा, ती ओलसर आणि मऊ राहते. बोटांत धरून वाकवली तर मसाला तडकत नाही, काडीबरोबर वाकतो. मध घालतात तोही याच कारणाने, दोघे मिळून ओल धरून ठेवतात.

ओलीचा उपयोग काय? काडी सावकाश जळते आणि निखारा फार तापत नाही. उदबत्तीचा वास निखाऱ्यातून येतो असे लोकांना वाटते. तसे नाही. निखाऱ्यात जे सापडते ते जळून जाते, त्याचा फक्त धूर होतो. वास येतो तो निखाऱ्याच्या लगेच मागे असलेल्या दोन-तीन मिलिमीटर गरम पट्ट्यातून. तिथे सुगंधी द्रव्ये जळायच्या आत वाफ होऊन सुटतात. निखारा जितका शांत, तितकी ही वाफ नीट सुटते. कोळशाची कोरडी काडी धडाधड पुढे जाते, वाफ सुटेपर्यंत निखारा तिच्यावर येऊन पोचतो. म्हणून जुन्या चंपाची एक काडी पाऊण-एक तास चालायची आणि खोलीत वास दुसऱ्या दिवशीपर्यंत पडद्यांना असायचा.

पुढे हे झाड दुर्मिळ होत गेले. काडेपेटीच्या धंद्यासाठी त्याचे लाकूड तोडले गेले, आणि चिकासाठी खाचा मारणाऱ्यांनीही हात राखला नाही. खाच खोल आणि वारंवार मारली की झाड खचते. मग जंगलातून चीक काढण्यावर निर्बंध आले आणि भाव चढले. आमच्याकडे हलमड्डीचे डबे बंगळुरूच्या व्यापाऱ्याकडून यायचे. नव्वदच्या दशकात एका वर्षी ते यायचे थांबले. वडिलांनी उरलेला माल पाच-सहा महिने पुरवला आणि नंतर जिगट वाढवून, कोळसा घालून तीच बत्ती काढली. पहिल्याच कार्तिकीला लातूरकडचे एक वारकरी बाबा पुडा परत घेऊन आले. भांडले नाहीत, एवढेच म्हणाले, "मालक, ही आपली नाही." वडील त्या रात्री जेवले नाहीत. मी तेव्हा विशीत होतो. त्या पुड्यावरचे 'चंपा' हे नाव आम्ही काढून टाकले आणि हलमड्डी पुन्हा मिळेपर्यंत चंपा केली नाही. आज ती मिळते, पण थोडी, महाग आणि भेसळ तपासून घ्यावी लागणारी. तेव्हा तुम्ही आणलेल्या पाच-सहा पुड्यांत वासांची तऱ्हा वेगवेगळी असेल, तर पहिला प्रश्न असा विचारा: काडी वाकते का?

दुकानात मिळणारा बहुतेक माल कसा होतो तेही सांगतो. बांबूच्या काडीवर कोळशाची पूड, लाकडाचा भुसा आणि जिगट यांचा लगदा चढवतात. जिगट म्हणजे मैदालकडीच्या सालीची पूड. पाणी लागले की ती बुळबुळीत होते आणि सगळ्याला धरून ठेवते. ही झाली कच्ची बत्ती, तिला वास नसतो. यंत्रावर ती मिनिटाला दीडशेच्या वर निघते. पुढे गावोगावचे छोटे कारखानदार ही कच्ची बत्ती किलोवर घेतात आणि सेंटमध्ये बुडवतात. सेंट म्हणजे एक भाग कंपाउंड आणि तीन-चार भाग डीईपी, म्हणजे डायइथाइल थॅलेट, ज्याला स्वतःला जवळजवळ वास नसतो आणि जे उशिरा उडते. निथळून, वाळवून, पुड्यात भरायचे. यात पाप नाही. हजारो घरांची चूल त्यावर चालते, आणि चांगले कंपाउंड वापरणारा बुडवूनही देखणी बत्ती काढतो. पण ती मसाला बत्ती नव्हे. मसाला बत्तीत वास लगद्यातच मळलेला असतो: चंदनाची पूड, नागरमोथा, कपूरकचरी, वाळा, दवणा, राळ, ऊद. पेटवायच्या आधीही तिला वास असतो आणि पेटवल्यावर तो बदलतो. बुडवलेल्या बत्तीचा वास पुड्यात सर्वांत जोरकस असतो आणि पेटवल्यावर पुष्कळदा निम्मा होतो.

लोक मला विचारतात, की लिंबाच्या उदबत्तीला पेटवल्यावर लिंबाचा वास का येत नाही. लिंबूवर्गातली द्रव्ये फार हलकी, ती पुड्यातूनच उडायला लागतात आणि उष्णता लागली की संपतात. चंदनाचा सँटॅलॉल जड, तो ताप सोसतो. म्हणून उदबत्तीची जुनी घराणी नेहमी चंदन, ऊद, राळ, वाळा, नागरमोथा अशा जड, मुळांच्या आणि चिकांच्या वासांवर उभी राहिली आणि फुले त्यांच्या खांद्यावर बसवली. मोगरा बसवणे कठीण. मोगऱ्याच्या वासात इंडोल नावाचे एक द्रव्य असते, एकटे हुंगाल तर नाक मुरडाल, पण ते नसेल तर मोगरा साबणासारखा लागतो. उदबत्तीत ते कणभर जास्त झाले की देवघरात कोमेजलेल्या हाराचा वास. वडिलांचा मोगरा सुंदर होता, माझा अजून त्याच्या जवळपास आलेला नाही. केवडा ओडिशाच्या गंजामचा. त्याचा अर्क इतका धारदार की चार थेंबांची चूक गोणीभर माल बिघडवते. गुलाब त्या मानाने समजूतदार फूल आहे, धुरात तग धरतो. दवणा मात्र आपला. चैत्रात जोतिबाला वाहतात तो. त्याचा वास कोवळ्या चहासारखा, किंचित फळासारखा, आणि सुकल्यावर वाढणारा. आजोबा बुक्क्यात वापरायचे म्हणून आमच्या प्रत्येक बत्तीत थोडा दवणा असतोच. आमच्या घराची खूण म्हणाल तर ती.

कस्तुरीबद्दल एकच वाक्य: कस्तुरीमृग १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे, तेव्हा पुड्यावर कस्तुरी लिहिलेले असेल तर ती प्रयोगशाळेतली किंवा कस्तुरीभेंडीच्या बियांची असणार, आणि तसेच असायला हवे.

चंदनाबाबत मात्र सावध राहा. चंदनाचा वास गाभ्यात असतो आणि गाभा धरायला झाडाला पंधरा-वीस वर्षे लागतात. कोवळ्या झाडात नुसते पांढरे लाकूड. टिपू सुलतानाने म्हैसूर राज्यात चंदनाला राजवृक्ष ठरवले तेव्हापासून दोनशेहून अधिक वर्षे तिथे हे झाड सरकारचे मानले गेले, तुमच्या परसात उगवले तरी. कर्नाटकाने या शतकाच्या सुरुवातीला कायदा सैल केला. चंदनाचे तेल आज किलोला लाखाच्या वर जाते. मग वीस रुपयांच्या पुड्यावर 'शुद्ध चंदन' कसे? शुद्ध हा शब्द तिथे शोभेला आहे. आम्हीही एकदा फसलो. एका व्यापाऱ्याने गाभ्याची पूड म्हणून दिलेला माल साध्या भुशात तेल शिंपडून केलेला निघाला. पोते उघडले तेव्हा वास घमघमला, आठ दिवसांनी पोत्यात नुसता भुसा उरला. तेव्हापासून चंदनाची पूड आधी मूठभर कागदावर पसरून आठवडाभर उघडी ठेवतो, मगच पैसे देतो.

म्हैसूर आणि बंगळुरू हे उदबत्तीचे माहेर का झाले, त्याचे कारणही चंदन. लाकूड हाताशी, संस्थानचा आधार, आणि घरबसल्या वळणाऱ्या हजारो बायका. म्हैसूर अगरबत्तीला भौगोलिक मानांकन आहे. तिथेच एन. रंगराव यांनी १९४८ मध्ये सुरू केलेली पेढी सायकल या चिन्हाने घराघरांत गेली, आजही ती त्याच कुटुंबाकडे आहे. सगळीच घराणी लहान राहिली असे नाही.

आपल्या मराठीशी या विद्येचा धागा जुना आहे, आणि तो फार कमी लोकांना ठाऊक आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने गंधयुक्तीवर एक अख्खा अध्याय लिहिला. त्यात सोळा द्रव्यांचा चौकोन मांडून दर वेळी चार निवडली तर किती गंध होतील हे मोजले आहे: १८२०. पुढे प्रमाणे बदलून तो आकडा लाखाच्या वर नेला आहे. आणि पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातले प. कृ. गोडे यांनी गंधशास्त्राची जी हस्तलिखिते उजेडात आणली, त्यांतल्या गंधवाद या ग्रंथाला मराठी टीका आहे. म्हणजे काही शतकांपूर्वी कुणीतरी बसून, धूप कसा कुटावा आणि तेल कसे सुवासिक करावे, हे आपल्या भाषेत समजावून सांगत होते. हे मला कळले त्या दिवशी आजोबांच्या खलबत्त्याकडे मी वेगळ्या नजरेने पाहिले.

शब्दाचेच पाहा. पुड्यावर अगरबत्ती छापतात, आपण म्हणतो उदबत्ती, कानडी माणूसही ऊदुबत्तीच म्हणतो. अगर हे आसामकडचे झाड, त्याला बुरशी लागली की गाभा काळा आणि सुगंधी होतो. अरबीत त्याच लाकडाला ऊद म्हणतात. मराठी घरात मात्र ऊद म्हणजे लोबान, निखाऱ्यावर घालायचा चीक. आज बाजारातल्या काडीत अगरही नसतो आणि ऊदही क्वचित, पण दोघांची नावे टिकली. बाळ-बाळंतिणीला शेगडीवर ओवा, वावडिंग, बाळंतशेपा घालून धुरी द्यायचे, ती हीच परंपरा. पण त्या धुरीवरून दम्याच्या प्रश्नाकडे यायलाच हवे.

माझा धंदा उदबत्तीचा आहे, तरी स्वच्छ सांगतो: आईंना दमा आहे, तर त्या ज्या खोलीत बसतात-झोपतात तिथे उदबत्ती लावू नका. महाग नाही, नैसर्गिक नाही, माझीही नाही. धूर हा धूरच. एक ग्रॅम उदबत्ती जळताना सुमारे ४५ मिलिग्रॅम सूक्ष्म कण सुटतात, तेवढ्याच वजनाच्या सिगारेटमधून साधारण १०, असे मोजमाप प्रसिद्ध आहे. शिवाय बेंझीन, फॉर्मल्डिहाइड ही अपायकारक द्रव्ये असतातच. चंदनाच्या खऱ्या पुडीतूनही कण निघतात. नैसर्गिक माल वापरल्याने वास चांगला होतो, धूर निरुपद्रवी होत नाही. आमच्या कारखान्यात मसाला मळताना आणि चाळताना आम्ही सगळे तोंडाला फडके बांधतो. वडिलांनी बांधले नाही आणि शेवटची दहा वर्षे ते खोकत राहिले.

देवापुढे सुगंध हवाच असेल तर सहाणेवर चंदन उगाळा. माठात वाळ्याची जुडी टाका. ताजा सोनचाफा पाण्याच्या वाटीत ठेवला तर एक फूल संध्याकाळपर्यंत पुरते. अत्तराचा फाया अगदी थोडा, आणि तोही आईंना चालतो का ते पाहून, कारण काहींना नुसत्या वासानेही त्रास होतो. बाकी निरोगी माणसांच्या घरात दिवसाला एक काडी, खिडकी उघडी, पंख्याखाली नाही, आणि पाळण्याजवळ कधीच नाही. डास पळवणारी उदबत्ती घेत असाल तर पुड्यावर कीटकनाशकाचा नोंदणी क्रमांक आहे का बघा. तो नसेल तर ती काडी घरात आणू नका. तिच्यात काय घातले आहे ते बनवणाऱ्यालाच माहीत.

आता ओळखायचे कसे. पुडा उघडल्यावर वास घ्या, मग पेटवून पाच पावले लांब जा आणि परत घ्या. जवळून उदबत्ती कधी पारखू नये, जवळ फक्त धूर असतो. पुड्यातला वास प्रचंड आणि पेटवल्यावर घशाला खवखव, तर सेंट हलका आणि डीईपी भरपूर. काडी दोन बोटांत फिरवा. रंग बोटाला लागला तर मसाल्यात रंग घातला आहे, त्याचा वासाशी संबंध नाही. मसाला बत्तीचा रंग मातकट, उदी, एकसारखा नसलेला असतो. राख पाहा. लाकूड आणि मसाल्याची राख फिकट आणि हलकी, कोळशाची जास्त करडी. राख लांब लटकून राहिली म्हणजे बत्ती शुद्ध, असे सांगणारे भेटतील. ते खरे नाही, राख लटकते ती जिगटच्या प्रमाणाने. काडीवर मसाला सारख्या जाडीचा नसेल, कुठे किंचित फुगीर, कुठे बारीक, तर ती बहुधा हाताची आहे. आमच्याकडच्या बायका पाटावर तळहाताने एक झटका देतात आणि काडी मसाला ओढून घेते. त्यांना दर हजार काड्यांमागे मजुरी मिळते. मऊ चंपा वळायला कोळशाच्या बत्तीपेक्षा जवळजवळ दुप्पट वेळ लागतो, म्हणून आम्ही तिचा दर वेगळा ठेवला आहे. सगळीकडे तसे नसते. हाताची बत्ती विकत घेताना हे लक्षात ठेवा, ती स्वस्त असेल तर कुणाच्या तरी तळहातातून ती स्वस्त झालेली आहे.

काड्यांचा बांबू मधल्या काळात व्हिएतनाम-चीनहून येत असे, तयार अगरबत्तीही. ऑगस्ट २०१९ मध्ये सरकारने अगरबत्तीच्या आयातीवर निर्बंध आणले आणि पुढच्या वर्षी बांबूच्या काड्यांवरचे आयात शुल्क १० टक्क्यांवरून २५ टक्के केले. आम्हाला काडी महाग पडली, पण त्रिपुरा-आसामकडची काडी पुन्हा मिळू लागली. बांबू जाळू नये असे मानणाऱ्यांनी बिनकाडीचा धूप वापरावा, वादात पडू नये.

वाळवण्याबद्दल थोडे, कारण घरी करून बघायची तुमची इच्छा दिसते. उदबत्ती सावलीत वाळवायची. उन्हात वरची साल आधी सुकते, आतला लगदा ओला राहतो, मग भेगा पडतात आणि हलका वास उन्हातच उडून जातो. आमची मोठी विक्री आषाढीला, म्हणजे ऐन पावसाळ्यात. म्हणून सगळा माल वैशाखाच्या आत करून, वाळवून, पत्र्याच्या डब्यांत बंद असतो. एका वर्षी मी मागणीच्या भरात ज्येष्ठात माल काढला आणि पाऊस लवकर आला. तीन दिवसांत काड्यांवर पांढरी बुरशी. सगळा माल नदीकाठी पुरला, विकला नाही. डब्यात बंद केल्यावर मसाला बत्ती निदान दोन महिने मुरू द्यावी. ताज्या बत्तीत चंदन वेगळे, मध वेगळा, दवणा वेगळा असे जाणवतात, मुरल्यावर एक होतात.

घरी सुरुवात करायची तर चंपाने करू नका, हलमड्डी हाताला चिकटली की तेलाशिवाय सुटत नाही आणि मन खट्टू होते. एक भाग जिगट, दोन भाग मिळून नागरमोथा, वाळा आणि कपूरकचरीची वस्त्रगाळ पूड, चिमूटभर दवणा, कोमट पाणी. कणकेपेक्षा घट्ट मळून ओल्या फडक्याखाली रात्रभर ठेवा, सकाळी काडीशिवाय बोटभर धूप वळा आणि आठ दिवस सावलीत ठेवा. पूड वस्त्रगाळ नसेल तर धूप मधेच विझतो, पहिल्यांदा सगळ्यांचा विझतो.

आता त्या तीन काड्या. हलमड्डीची बत्ती नीट बंद ठेवली तर वर्षानुवर्षे टिकते, आणि तुम्ही लिहिता की अजून वाकते, म्हणजे ती जिवंत आहे. मूळ पुड्यासकट छोट्या घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवा. दुसऱ्या उदबत्त्यांजवळ नको, कापूर आणि डांबराच्या गोळ्यांच्या कपाटात तर अजिबात नको, ती त्यांचा वास ओढून घेईल. न पेटवता, बरणी उघडून हुंगले तरी तुम्हाला तो वास मिळेल. आईंनाही अशीच द्या, त्यांना धूर सोसणार नाही पण बरणीचा वास बहुधा सोसेल. एक काडी मात्र पेटवा असे मी म्हणेन. कोरड्या हवेच्या दिवशी, हिवाळ्यात, संध्याकाळी, आई दुसऱ्या खोलीत असताना, खिडकी उघडी ठेवून. निम्मी झाली की निखारा कोरड्या वाळूत हलकेच दाबून विझवा, उरलेली अर्धी पुन्हा चालते. आणि पंढरपूरला आलात तर एक काडी सोबत आणा. मला ती पेटवायची नाही, नुसती बोटांत धरून बघायची आहे.